जात म्हणजे वंश नव्हे, मग वंशभेदाच्या परिषदेत जातीचं काय काम?

फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या नगर परिषदेनं जातीवरून भेदभाव करायला मनाई करणारा स्थानिक कायदा केला. अमेरिकेत असं करणारं ते पहिलं शहर. प्रस्ताव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा, वाढल्या मुंबईत. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानंही तसंच विधेयक मंजूर केलं, पण ऑक्टोबरात गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी नकाराधिकार वापरून ते रोखलं. असल्या भेदभावाला सध्याच्या कायद्यांनी बंदी आहेच, वेगळ्या शब्दाची गरज नाही, असं त्यांनी कारण दिलं.

अशी बातमी आली की आपल्याकडे एक प्रश्न हमखास ऐकू येतो : रंगभेद-वंशभेदाच्या कायद्यात जात कशाला घुसडायची? विचारणारे सगळे जातीची पाठराखण करणारे असतात असं नाही. बऱ्याच जणांना खरोखरच कळत नाही, आणि न कळण्यासारखंच ते प्रकरण आहे. त्याची सुरुवात सिएटलमध्ये नाही. ती १९६५ सालच्या एका करारात आहे, आणि त्यावरून खडाजंगी झाली ती २००१ साली, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरात.

करारात लिहिलंय काय?

२१ मार्च १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिल इथं कृष्णवर्णीय लोक पास कायद्याविरुद्ध, म्हणजे त्यांना कायम परवाना जवळ बाळगायला लावणाऱ्या कायद्याविरुद्ध, निदर्शनं करत होते. पोलिसांनी गोळीबार केला, ६९ माणसं मेली. २१ मार्च हा वंशभेदविरोधी दिन म्हणून पाळतात तो या घटनेमुळे. जगभर संताप उसळला आणि पाच वर्षांनी, २१ डिसेंबर १९६५ रोजी, संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनं वंशभेद निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार मंजूर केला. तो लागू झाला जानेवारी १९६९ मध्ये. भारतानं त्यावर शिक्कामोर्तब केलं डिसेंबर १९६८ मध्ये, म्हणजे लागू होण्याच्याही आधी. अमेरिकेला त्यासाठी १९९४ साल उजाडलं.

या कराराच्या पहिल्याच कलमात वंशभेदाची व्याख्या आहे. वंश, रंग, 'डिसेंट', राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांपैकी कशावरूनही माणसाला वेगळं काढलं, अडवलं किंवा खाली ठेवलं आणि त्यामुळे त्याचे हक्क मारले गेले, तर तो या करारापुरता वंशभेद. यातला 'डिसेंट' हा शब्द सगळ्या वादाचं मूळ आहे. आपण त्याला 'कुळ' म्हणू : कोणाच्या पोटी, कोणत्या घराण्यात, कोणत्या समाजात जन्म झाला ते.

मौज अशी, की हा शब्द मसुद्यात आला तो भारतानं सुचवलेल्या दुरुस्तीमुळे.

देश हा करार पाळतात की नाही हे पाहायला १८ तज्ज्ञांची एक समिती असते. ती देशांकडून ठरावीक काळानं अहवाल मागवते, सरकारी प्रतिनिधींना जिनिव्हात समोर बसवून प्रश्न विचारते आणि शेवटी आपला अभिप्राय छापते. १९९६ मध्ये भारताचा अहवाल तिच्यापुढे आला. आपल्या सरकारचं म्हणणं असं, की कुळ म्हणजे वंशाचंच मूळ, जातीशी त्याचा संबंध नाही. समितीनं ते मान्य केलं नाही. कुळ या शब्दाचा अर्थ वंशापुरता मर्यादित नाही आणि अनुसूचित जाती-जमातींची परिस्थिती या कराराच्या कक्षेत येते, असं तिनं लिहून ठेवलं. २००२ मध्ये ती आणखी पुढे गेली. कुळावरून होणाऱ्या भेदभावात जात आणि तिच्यासारख्या जन्मजात दर्जाच्या व्यवस्था येतात, असा सर्वसाधारण खुलासाच तिनं सगळ्या देशांसाठी केला.

तेव्हा 'जात हा वंश आहे का' हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीनं मुळात चुकलेला आहे. करार कुठंच तसं म्हणत नाही. त्याच्या व्याख्येत वंश हा अनेक शब्दांपैकी एक आहे.

अल्पसंख्य कोणाला म्हणायचं?

दुसरा घोळ या शब्दाचा. भारतात अल्पसंख्याक म्हटलं की धर्म आठवतो, आणि कायद्यानंही तसंच आहे : मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन. संयुक्त राष्ट्रसंघाचा १९९२ चा जाहीरनामा राष्ट्रीय किंवा वांशिक, धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्यांबद्दल बोलतो. आता नागपुरातला एखादा बौद्ध माणूस घ्या. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार बौद्धांची संख्या सुमारे ६५ लाख आहे. भारतीय कायद्यानं तो अल्पसंख्याक आहे आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतही मोडतो. त्याच्या शेजारचा मातंग किंवा चर्मकार हिंदू मात्र अल्पसंख्याक ठरत नाही, कारण धर्म बहुसंख्यांचा आणि भाषाही बहुसंख्यांचीच. दोघांना घर भाड्यानं मिळताना येणारी अडचण सारखीच असेल, पण कागदावरचे रकाने वेगळे.

शिवाय डोकी मोजून हा प्रश्न सुटत नाही. दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीय बहुसंख्य होते, तरी त्यांना मताचा अधिकार नव्हता. म्हणून अलीकडे भर संख्येपेक्षा सत्तेवर दिला जातो : कोणाच्या हातात निर्णय नाहीत, कोण कायम कडेला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अल्पसंख्याक विषयाच्या तत्कालीन विशेष प्रतिनिधी रीटा इझाक यांनी २०१६ मध्ये हाच धागा धरून जातिभेदावर स्वतंत्र अहवाल मानवी हक्क परिषदेत मांडला. जगभरात २५ कोटींहून जास्त माणसं या प्रकारच्या भेदभावाखाली आहेत, असा त्यातला अंदाज. भारतानं हरकत घेतली : त्यांच्या अधिकारकक्षेत हा विषय येतच नाही.

सभेला बसतं कोण?

संयुक्त राष्ट्रसंघ म्हणजे जगातल्या लोकांची सभा, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती सरकारांची सभा आहे. गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सभा डोळ्यांपुढे आणा. मत फक्त सभासदाला, म्हणजे फ्लॅटच्या मालकाला. आता एखाद्या भाडेकरूची तक्रार आहे की घरमालक त्याला लिफ्ट वापरू देत नाही. ती विषयपत्रिकेवर यायची तर कोणा सभासदानं मांडायला हवी, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो सभासद तिथं बसलेलाच असतो. बाकीचे सभासद गप्प, कारण उद्या आपलाही भाडेकरू उठून बोलू लागला तर?

जगातल्या दुर्बळ समूहांची स्थिती या भाडेकरूसारखी आहे. युरोपभर विखुरलेल्या रोमा (जिप्सी) लोकांना कोणतंही राष्ट्र नाही. जपानमध्ये अपवित्र मानल्या गेलेल्या बुराकूंना नाही, ब्राझीलमधल्या कृष्णवर्णीयांना नाही, दलितांना नाही. २०११ च्या जनगणनेत भारतातली अनुसूचित जातींची लोकसंख्या वीस कोटींच्या वर भरली. इतकी माणसं बहुतेक देशांत नाहीत, पण त्या वीस कोटींना सभेत स्वतःची खुर्ची नाही.

मग आत शिरायचं कसं? एक दार आहे स्वयंसेवी संस्थांचं. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आर्थिक व सामाजिक परिषदेकडून 'सल्लागार दर्जा' मिळाला की संस्थेला बैठकांत बसता येतं, लेखी निवेदन देता येतं, काही वेळा दोन मिनिटं बोलताही येतं. पण दर्जा द्यायचा की नाही हे आधी १९ देशांची समिती बघते. म्हणजे परत सभासदच. इंटरनॅशनल दलित सॉलिडॅरिटी नेटवर्क या कोपनहेगनमधल्या संस्थेनं २००८ मध्ये अर्ज केला. भारताकडून त्यावर एकामागून एक लेखी प्रश्न येत राहिले, शंभराच्या घरात गेले. प्रत्येक प्रश्न आला की अर्ज पुढच्या बैठकीवर ढकलला जायचा. नकार देणं टाळायचं आणि शंका काढत बसायचं, ही कला आपल्याकडे तालुक्याच्या कचेरीतही अवगत आहे. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये मूळ परिषदेत मतदान होऊन त्या संस्थेला दर्जा मिळाला. मधे चौदा वर्षं गेली.

डर्बनला झालं काय?

वंशभेदावरच्या पहिल्या दोन जागतिक परिषदा १९७८ आणि १९८३ मध्ये जिनिव्हात झाल्या, आणि त्यांचं लक्ष मुख्यतः दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीवर होतं. ती राजवट गेल्यावर तिसरी परिषद त्याच देशात भरवायची ठरली. ३१ ऑगस्ट २००१ पासून डर्बनला सरकारं जमली आणि त्याच्या काही दिवस आधी स्वयंसेवी संस्थांचा वेगळा मंच सुरू झाला.

भारतातून दोनशेच्या आसपास दलित कार्यकर्ते तिथं पोचले. १९९८ मध्ये सुरू झालेल्या दलित मानवी हक्कांच्या राष्ट्रीय मोहिमेतले पॉल दिवाकर, रूथ मनोरमा, मार्टिन मॅकवान असे लोक यामागे होते. ढोल वाजवत, घोषणा देत त्यांनी शिष्टमंडळांचं लक्ष वेधलं. त्यांची मागणी ऐकायला फारच लहान वाटते. मसुद्यातल्या परिच्छेद ७३ मध्ये 'काम आणि कुळ' यांवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध देशांनी उपाय करावेत असं एक वाक्य होतं. ते तेवढं राहू द्या. त्यात भारताचं नाव नव्हतं आणि 'जात' हा शब्दही नव्हता.

भारत सरकारनं ते वाक्य नको म्हणून जोर लावला. तेव्हा परराष्ट्र राज्यमंत्री असलेल्या ओमर अब्दुल्ला यांनी परिषदेत भूमिका मांडली, की जात हा या परिषदेचा विषयच नव्हे. गंमत म्हणजे भारतातलीच एक सरकारी संस्था तिथं वेगळं बोलली. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा अध्यक्ष असलेल्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचं म्हणणं असं, की भेदभावाला नाव कोणतं द्यायचं याच्यापेक्षा तो अजून टिकून आहे याकडे बघा. घटनात्मक अर्थानं स्वतंत्र विचार करणारी संस्था कशी असावी, याचा हा चांगला नमुना होता. आता असे नमुने दुर्मीळ झालेत.

शेवटच्या कागदातून ते वाक्य गळालं. डर्बनच्या जाहीरनाम्यात आणि कृती कार्यक्रमात मिळून ३४१ परिच्छेद आहेत. आफ्रिकी वंशाचे लोक आहेत, आशियाई वंशाचे आहेत, रोमा आहेत, मूलनिवासी आहेत, स्थलांतरित आहेत. जात नाही.

संस्थांच्या मंचानं आपल्या वेगळ्या जाहीरनाम्यात जातीला जागा दिली होती. पण त्याच जाहीरनाम्यात इस्राएलविषयी आणि ज्यूंविषयी अशी भाषा होती, की परिषदेच्या सरचिटणीस मेरी रॉबिन्सन यांनी तो सरकारांपुढे ठेवायला नकार दिला. याच वादातून ३ सप्टेंबरला अमेरिका आणि इस्राएल परिषद सोडून गेले. ८ तारखेला परिषद संपली, तीन दिवसांनी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले, आणि डर्बन वर्तमानपत्रांतून पुसलं गेलं. दलितांच्या हाती जे लागलं होतं तेही दुसऱ्यांच्या भांडणात वाहून गेलं. समावेशाच्या गोष्टींत ही बाजू सहसा सांगितली जात नाही : आत घेतलेल्या प्रत्येकाच्या अंगावर शेजाऱ्याचा चिखलही उडतो.

'पण बाबासाहेबांनीच तर म्हटलंय...'

हा आक्षेप सगळ्यांत वजनदार. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या निबंधात जात ही वांशिक विभागणी असल्याचा सिद्धान्त साफ खोडून काढला. पंजाबचा ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण यांच्यात वंशाचं कसलं नातं, असा त्यांचा युक्तिवाद होता. एकाच वंशातल्या लोकांची ती सामाजिक विभागणी आहे, हे त्यांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधापासून सांगितलं होतं. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेते यांनीही २००१ मध्ये जातीला वंश म्हणणं शास्त्राला धरून नाही अशी हरकत घेतली.

दोघांचंही बरोबर आहे. फक्त त्यातून सरकारला हवा तो निष्कर्ष निघत नाही. जात आणि वंश यांचा उगम वेगळा आहे म्हणून जातीच्या बळींनी वंशभेदाविरुद्धच्या दालनात यायचं नाही, असं बाबासाहेबांनी कधी म्हटलं नाही. उलट १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं. अस्पृश्यांच्या वतीनंही तसं काही करावं असा विचार चालला होता, म्हणून त्यांना त्या अर्जाच्या प्रती हव्या होत्या. डुबॉइस यांनी त्याच वर्षी जुलैअखेरीस उत्तर दिलं. संयुक्त राष्ट्रसंघ तेव्हा जेमतेम वर्षभराचाही नव्हता.

ही देवाणघेवाण महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीमुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव घेतलं ते ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून. शूद्र आणि अमेरिकेतला गुलाम यांचा वंश एक आहे असा दावा यांतल्या कोणी केला नव्हता. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या दोन व्यवस्थांतलं साम्य त्यांना दिसलं होतं.

एक तांत्रिक मुद्दा मात्र सरकारच्या बाजूचा आहे. आपल्या घटनेच्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान हे शब्द वेगवेगळे आहेत. घटनाकारांना जात आणि वंश एकच वाटत असते तर दोन शब्द घातले नसते. हे खरं. पण करारातही वंश आणि कुळ हे दोन वेगळे शब्द आहेत, ते याच कारणानं.

दिसायला सारखे, तरी वेगळे

कुळ हा शब्द जपानच्या उदाहरणावरून चटकन कळतो. बुराकू समाजाचे लोक जपानीच आहेत. रंग तोच, भाषा तीच, धर्मही तोच. त्यांचे पूर्वज कातडं कमावणं, जनावरं कापणं, प्रेतांची व्यवस्था लावणं ही कामं करत, म्हणून अपवित्र मानले गेले आणि वेगळ्या वस्त्यांत राहिले. १८७१ मध्ये कायद्यानं हा दर्जा रद्द झाला. पण १९७५ मध्ये उघडकीला आलं, की बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांची यादी छापून कंपन्यांना विकली जात होती. नोकरीसाठी आलेल्या मुलाचा पत्ता त्या यादीशी ताडायचा, की झालं. चेहऱ्यावरून जे कळत नव्हतं ते गल्लीच्या नावावरून कळत होतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय आपल्या मंत्रिमंडळानं घेतला तो डिसेंबर २०२० मध्ये.

जपाननं १९९५ मध्ये करार मान्य केला आणि बुराकूंच्या बाबतीत भारतासारखीच भूमिका घेतली : कुळ या शब्दात ते बसत नाहीत. समितीनं त्यांनाही तेच उत्तर दिलं. बुराकूंच्या चळवळीच्या पुढाकारानं १९८८ मध्ये टोकियोत वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली होती, आणि तिनं बुराकू, दलित आणि इतर समूहांचा प्रश्न एकत्र मांडायला सुरुवात केली. 'काम आणि कुळ' हा शब्दप्रयोग संयुक्त राष्ट्रसंघात रुळला तो २००० सालापासून. एकट्या भारताकडे बोट दाखवलं की भारत भडकतो. जपान, नेपाळ, येमेन, मॉरिटानिया एकत्र आले की तो जगाचा प्रश्न होतो. याला कोणी डावपेच म्हणेल. मला तो शहाणपणा वाटतो.

'आमच्या घरातला प्रश्न आहे, आम्ही बघू'

हा युक्तिवाद भारतानं करावा, यात इतिहासाची मोठी थट्टा आहे. १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात वंशभेदाचा प्रश्न सर्वांत आधी नेला तो भारतानंच. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल ती तक्रार होती, आणि विजयालक्ष्मी पंडित यांनी ती आमसभेत लढवली. दक्षिण आफ्रिकेचा बचाव काय होता? हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, सनदेनुसार संघाला त्यात पडता येत नाही. आमसभेनं तो बचाव बाजूला ठेवून डिसेंबरात भारताच्या बाजूनं ठराव केला. वंशभेद हा कोणाचाही खासगी मामला नाही, हा पायंडा पाडणारे आपण. पन्नास वर्षांनी त्याच पायंड्याचा आपल्यालाच त्रास होऊ लागला.

डिसेंबर २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग दिल्लीतल्या एका परिषदेत म्हणाले, की अस्पृश्यतेशी तुलना करता येईल अशी एकच गोष्ट जगात आहे, दक्षिण आफ्रिकेतला वर्णद्वेष. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २००७ मध्ये, त्यांच्याच सरकारचे सॉलिसिटर जनरल गुलाम वहानवटी जिनिव्हात समितीला सांगत होते, की जातिभेद या कराराच्या कक्षेत येत नाही. सरकार बदललं म्हणून भूमिका बदलली नव्हती. डर्बनला रालोआचं सरकार होतं, जिनिव्हात संपुआचं. या एका बाबतीत आपल्या पक्षांत कमालीचं एकमत आहे.

'आपल्याकडे कायदे आहेत की!'

आहेत, आणि चांगले आहेत. कलम १७ नं अस्पृश्यता नष्ट केली, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा कडक आहे, राखीव जागा आहेत. कागदापुरतं बोलायचं तर बऱ्याच युरोपीय देशांपेक्षा आपण पुढे आहोत. भारत सरकार हेच सांगतं आणि ते खोटं नाही. पण समिती कायदा आहे का एवढ्यावर थांबत नाही. गुन्हे किती नोंदले, शिक्षा किती जणांना झाली, मैला वाहण्याचं काम अजून कोण करतं, हे ती विचारते. प्रश्न अंमलबजावणीचे आहेत, आणि म्हणूनच ते टोचतात.

बदनामीच्या भीतीबद्दलही बोलायला हवं, कारण ती अगदीच पोकळ नाही. मोठे देश या व्यासपीठाचा सोयीनं वापर करतात. डर्बनला गुलामगिरीच्या भरपाईचा विषय निघाला तेव्हा युरोपातले जुने वसाहतवाले भाषेची कसरत करत होते. २०२१ मध्ये डर्बनची विशी साजरी करायला न्यूयॉर्कला बैठक झाली, तर अनेक पाश्चात्त्य देश आलेच नाहीत. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेले स्वतः निर्मळ नाहीत, हे मान्य. त्यावरून खुर्चीच मोडायची, की त्यांनाही समोर उभं करायचं, हा निवडीचा प्रश्न आहे. १९४६ च्या भारतानं दुसरा मार्ग धरला होता.

नाव कागदावर आलं की काय होतं?

लगेच काही होत नाही. करारातल्या शब्दानं विहीर खुली होत नाही. पण लॅटिन अमेरिकेत काय झालं ते बघण्यासारखं आहे. डर्बनच्या पूर्वतयारीसाठी प्रत्येक खंडाची वेगळी बैठक झाली. लॅटिन अमेरिकेची डिसेंबर २००० मध्ये चिलीतल्या सांतियागोला झाली, आणि तिथल्या कृष्णवर्णीय संघटना भरपूर तयारीनं गेल्या. त्या देशांची सरकारं वर्षानुवर्षं सांगत आली होती, की आमच्याकडे सगळे मिसळलेले आहेत, वंशभेद नाहीच. सांतियागोच्या कागदावर सरकारांनी आपल्याकडे आफ्रिकी वंशाचे लोक आहेत आणि त्यांच्यावर अन्याय होतो, हे सही करून मान्य केलं. ब्राझीलच्या विद्यापीठांत राखीव जागांचा वाद त्यानंतर पेटला आणि २०१२ मध्ये केंद्रीय विद्यापीठांसाठी कायदा झाला. चळवळ जुनीच होती, पण 'तुम्हीच तिकडे कबूल करून आलात' हे हत्यार तिला नव्यानं मिळालं. पुढे संयुक्त राष्ट्रसंघानं आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी २०१५ ते २०२४ हे दशक जाहीर केलं, २०२१ मध्ये त्यांच्यासाठी कायमचा मंच स्थापन केला, आणि २०२५ पासून दुसरं दशक सुरू झालं.

आशियाची तशीच बैठक फेब्रुवारी २००१ मध्ये तेहरानला झाली. तिथल्या मसुद्यात जात आली नाही. डर्बनचा निकाल अर्धा तिथंच लागला होता.

कागदावर नाव येऊनही हात रिकामे राहू शकतात. डर्बनच्या जाहीरनाम्यानं मूलनिवासींचा उल्लेख केला आणि लगोलग खुलासा जोडला, की या शब्दावरून आंतरराष्ट्रीय कायद्यात कोणतेही हक्क निघतात असं समजू नये. एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेतलं.

आत गेल्यावर कोण बोलतं?

दार उघडलं तरी उंबरा उंच असतो. जिनिव्हाचा व्हिसा, विमानाचं भाडं, स्वित्झर्लंडमधली महागाई, आणि त्यावर ती भाषा. नुसती इंग्रजी येऊन भागत नाही, ठरावांची इंग्रजी यावी लागते. त्यामुळे बोलायला मिळतं ते बहुधा राजधानीतल्या, शिकलेल्या, निधी मिळालेल्या संस्थांना. मराठवाड्यातल्या ऊसतोड मजूर बाईचा प्रश्न तिथं पोचतो तो चार जणांच्या तोंडून, आणि प्रत्येक जण थोडं गाळतो. रूथ मनोरमा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी दलित स्त्रीवर जात, वर्ग आणि बाईपण यांचा एकत्र भार कसा पडतो हे आग्रहानं मांडलं, कारण चळवळीतल्या पुरुषांकडूनही ते गाळलं जात होतं. अल्पसंख्य तरुणांना या व्यवस्थेचं प्रशिक्षण देण्यासाठी २००५ पासून एक पाठ्यवृत्ती आहे, आणि जिनिव्हात दर वर्षी अल्पसंख्यांचा दोन दिवसांचा मंच भरतो. तो निर्णय घेत नाही, पण तिथं बोलायला सल्लागार दर्जा लागत नाही. छोट्या संघटनांसाठी सध्या तेच सोयीचं दार आहे.

आता घोडं अडलंय कुठं?

दोन ठिकाणी. करारात एक कलम आहे, १४ वं : देशानं वेगळी संमती दिली तर तिथल्या नागरिकाला थेट समितीकडे तक्रार करता येते. भारतानं ती संमती दिलेली नाही. म्हणजे देशातल्या कोर्टात सगळे दरवाजे ठोठावून झालेल्या माणसाला जिनिव्हात पत्र पाठवून उपयोग नाही.

दुसरं, अहवाल. २००७ च्या त्या सुनावणीनंतर भारताचा पुढचा अहवाल २०१० मध्ये द्यायचा होता. मुदत उलटून दहा वर्षं लोटली तरी तो आलेला नव्हता. समितीकडे दंड करायची, पोलिस पाठवायची सोय नाही. अहवालच आला नाही तर सुनावणी नाही, सुनावणी नाही तर प्रश्न विचारायला कोणी समोर नाही, आणि कार्यकर्ते सरकारी अहवालाला उत्तर म्हणून जो आपला पर्यायी अहवाल देतात, तो कशाला जोडायचा हाही प्रश्नच. परदेशात दरम्यान कामं पुढे सरकत राहिली. ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये एका अपील न्यायाधिकरणानं म्हटलं, की वांशिक मूळ या शब्दातच कुळ येतं आणि काही प्रकरणांत त्यातून जातही येऊ शकते. त्यावर बोट ठेवून २०१८ मध्ये तिथल्या सरकारनं जातीसाठी वेगळा कायदा करण्याचा बेत सोडून दिला. न्यूसम यांनी नकाराधिकार वापरताना दिलेलं कारण जवळपास हेच होतं.